हंसबाजार ते गवतबाजार

८ जानेवारी १७०५. हॅम्बुर्गच्या ऑपेरागृहात 'आल्मिरा' नावाच्या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग चालला आहे. तिसरा अंक उघडतो तो एका मिरवणुकीने. दरबारापुढून सोंगे जातात: कोणी युरोप झाला आहे, कोणी आफ्रिका, कोणी आशिया. आशियाचा ताफा पुढे येतो आणि वाद्यवृंद एक संथ नाच वाजवू लागतो. तीन मात्रांचा ठेका, दुसऱ्या मात्रेवर रेलणारा. सूर मोजकेच आणि त्यांच्या मधे मोकळी जागा. असल्या नाचाला तेव्हा साराबांद म्हणत. शब्द नाहीत, गाणारे कोणी नाही. नाचणारे नाचून जातात, कथानक पुढे सरकते.

आज ही चाल पाश्चात्त्य संगीतातल्या अतिशय ओळखीच्या चालींपैकी एक आहे. १९९४ साली आलेल्या 'फारिनेल्ली' या चित्रपटामुळे तर ऑपेराच्या वाटेला कधी न गेलेल्यांच्याही कानांवर ती पडली. पण आपण तिला ज्या रूपात ओळखतो, त्या रूपापर्यंत पोहोचायला तिला आणखी सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत ती हॅम्बुर्गहून रोमला गेली आणि तिथून लंडनला. तिचा कर्ता जिथे गेला तिथे ती त्याच्या सामानात होती. तो कर्ता म्हणजे गेऑर्ग फ्रिडरिख हँडेल. हॅम्बुर्गच्या त्या रात्री तो एकोणीस वर्षांचा होता आणि 'आल्मिरा' हा त्याचा पहिलाच ऑपेरा.

हँडेल म्हटले की 'मसाया' आणि त्यातला 'हालेलुया'चा गजर आठवतो. ते सगळे त्याच्या पन्नाशीनंतरचे. तोवर तो स्थूल, प्रतिष्ठित, केसांचा टोप घालणारा लंडनकर झालेला होता. त्या हँडेलला इथे जागा नाही. मला सांगायचे आहे ते नोकरी सोडून घराबाहेर पडलेल्या मुलाबद्दल, आणि त्याच्याबरोबर फिरत फिरत मोठ्या झालेल्या एका चालीबद्दल.

हँडेलचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ चा, जर्मनीतल्या हाले या गावचा. त्याच वर्षी, तिथून फार लांब नसलेल्या आयझेनाखमध्ये योहान सेबास्टियन बाख जन्मला आणि नेपल्समध्ये दोमेनिको स्कार्लात्ती. हँडेलचे वडील गेऑर्ग हे न्हावी-शल्यवैद्य होते. त्या काळी वस्तरा चालवणारा हात जखमाही शिवायचा, तुटलेली हाडेही बसवायचा. मुलगा झाला तेव्हा वडिलांनी साठी ओलांडली होती. मुलाने वकील व्हावे अशी त्यांची इच्छा. हँडेलचे पहिले चरित्र जॉन मेनवेअरिंगने १७६० मध्ये छापले. घरात संगीताला मज्जाव असताना पोराने एक लहानसे क्लाव्हिकॉर्ड गुपचूप माळ्यावर चढवले आणि सगळे झोपले की तो ते वाजवत बसे, अशी गोष्ट त्यात आहे. क्लाव्हिकॉर्डचा आवाज इतका बारीक असतो की शेजारच्या खोलीतही तो धड पोहोचत नाही, त्यामुळे गोष्ट अशक्य नाही. पण मेनवेअरिंगच्या पुस्तकातल्या गोष्टी गोष्टी म्हणूनच घ्याव्यात, एवढे पथ्य पाळलेले बरे.

पुढे वडिलांचा विरोध मावळला आणि गावच्या मोठ्या चर्चमधला ऑर्गनवादक त्साखाउ याच्याकडे शिक्षण सुरू झाले. स्वरांची गुंफण, एकच चाल अनेक आवाजांत पाठोपाठ येणारी फ्यूग ही रचना, निरनिराळ्या देशांतल्या रचनाकारांच्या रचना वहीत उतरवून घेणे, असे ते कसून घेतलेले शिक्षण होते. मुलगा बारा वर्षांचा होण्याआधीच वडील वारले. फेब्रुवारी १७०२ मध्ये त्याने हालेच्या विद्यापीठात नाव घातले आणि महिनाभरातच तिथल्या डोमकिर्खे या कॅल्व्हिनपंथी चर्चमध्ये त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली. वर्षाला ५० थालर पगार आणि राहायला जागा. सतराव्या वर्षी एवढे हाती येणे म्हणजे आयुष्य मार्गी लागले म्हणायचे. बाखने असल्याच नोकऱ्यांच्या पायऱ्यांवरून आयुष्य काढले. हँडेलने ठरलेले वर्ष पुरे केले आणि नोकरी सोडली. १७०३ च्या उन्हाळ्यात तो हॅम्बुर्गला आला.

हॅम्बुर्गच का, हे कळायला त्या काळचा जर्मनी डोळ्यांपुढे आणावा लागतो. जर्मनी असा एक देश नव्हताच. संस्थाने, जहागिऱ्या, बिशपांचे मुलूख यांची ती गोधडी होती. बहुतेक ठिकाणी ऑपेरा व्हायचा तो संस्थानिकाच्या वाड्यात, संस्थानिकाच्या पैशाने, संस्थानिकाच्या पाहुण्यांसाठी. राजाचा वाढदिवस आला की ऑपेरा, राजा वारला की ऑपेरा बंद. हॅम्बुर्गला राजा नव्हता. ते व्यापाऱ्यांचे मुक्त शहर, एल्ब नदीवरचे गजबजलेले बंदर. तिथे १६७८ मध्ये नागरिकांनी स्वतःचे ऑपेरागृह उभारले. तिकीट काढील त्याला प्रवेश देणारे जर्मनीतले ते पहिले ऑपेरागृह. जागा होती गेन्झेमार्क्ट नावाच्या चौकापाशी. गेन्झेमार्क्ट म्हणजे हंसबाजार. शुभारंभाचा खेळ होता आदम आणि इव्ह यांच्या कथेवरचा, आणि तरीसुद्धा पुढे कित्येक वर्षे शहरातले पाद्री या नाटकघराच्या नावाने व्यासपीठावरून कडाडत राहिले.

तिकिटावर चालणाऱ्या नाटकघराला सगळ्यांना खूश ठेवावे लागते. हॅम्बुर्गच्या ऑपेरात त्यामुळे सगळेच असायचे: रोमन सम्राट, बायबल, मिरवणुका, फ्रेंच धाटणीचे नाच, विदूषक नोकर. भाषासुद्धा एक नव्हती. संवाद जर्मनमध्ये, गाणी काही जर्मनमध्ये आणि काही सरळ इटालियनमध्ये. एकाच प्रवेशात पात्र जर्मनमध्ये बोलते आणि इटालियनमध्ये गाते, याचे कुणाला काही वाटत नसे. पुढे हँडेलने अनेक देशांच्या शैली ज्या सहजतेने एकत्र नांदवल्या, त्या सहजतेचे मूळ मला या हंसबाजारातल्या खिचडीत दिसते.

हॅम्बुर्गमध्ये येताच त्याला एक दोस्त भेटला. योहान मॅटेसन त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. ऑपेरात नायकाच्या भूमिका गायचा, संगीत रचायचा, हार्पसिकॉर्ड वाजवायचा आणि पुढे पुष्कळ लिहायचाही. हँडेलच्या हॅम्बुर्गमधल्या दिवसांबद्दल जे काही समजते, त्यातले बरेचसे मॅटेसनच्या लिखाणातून. त्याची माया आणि त्याचा मत्सर दोन्ही त्यात उतरले आहेत, आणि म्हणूनच ते वाचताना माणूस समोर उभा राहतो. हँडेल सुरुवातीला वाद्यवृंदात दुय्यम व्हायोलिनच्या रांगेत बसे आणि पाचापर्यंतही मोजता येत नसल्यासारखा मख्ख चेहरा करून राही, असे मॅटेसन सांगतो. त्याचा दुसरा शेरा मला फार मोलाचा वाटतो. ऑर्गनवर हँडेलचा हात कुणी धरू शकत नव्हते, फ्यूग तर तो बसल्या बैठकीत रचायचा, पण हॅम्बुर्गच्या ऑपेरात येईपर्यंत त्याला चाल म्हणजे काय याची जाण फारशी नव्हती, असे मॅटेसनचे म्हणणे. गाणी लांबच लांब, पांडित्याने भरलेली, ऐकणाऱ्याला दम लागेल अशी. यात मॅटेसनला स्वतःकडे थोडे श्रेय ओढून घ्यायचे होते, हे उघड आहे. तरी चर्चच्या ऑर्गनवर वाढलेल्या मुलाच्या बाबतीत हे निदान पटण्यासारखे आहे. फ्यूगमध्ये स्वरांना श्वास घ्यायला जागाच नसते, एक आवाज थांबला की दुसरा त्याची जागा घेतो. रंगमंचावर मात्र गाणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो आणि ऐकणाऱ्यालाही. थांबणे हा चालीचाच भाग असतो, ही गोष्ट हँडेल हॅम्बुर्गमध्ये शिकला.

ऑगस्ट १७०३ मध्ये दोघे ल्यूबेकला गेले. तिथला थोर ऑर्गनवादक बुक्स्टेहूडे म्हातारा झाला होता आणि त्याला वारस हवा होता. वाटेत गाडीत बसून दोघांनी मनातल्या मनात फ्यूग रचले. ल्यूबेकला पोहोचल्यावर कळले की जागेबरोबर बुक्स्टेहूडेच्या मुलीशी लग्नही करावे लागणार. दोघांनी पाहुणचार घेतला, ऑर्गन वाजवला आणि ते परत आले. दोन वर्षांनी बाखही ल्यूबेकला जाऊन आला आणि तोही तिथे राहिला नाही.

आता या दोघांच्या मारामारीची गोष्ट. ५ डिसेंबर १७०४ रोजी मॅटेसनच्या 'क्लिओपात्रा' या ऑपेराचा प्रयोग होता. संगीत त्याचे आणि अँटनीची भूमिकाही त्याचीच. तो रंगमंचावर असताना हार्पसिकॉर्डवर हँडेल बसे. तेव्हा आजच्यासारखा छडी घेतलेला संचालक नसे. हार्पसिकॉर्डवर बसलेला माणूसच सगळा खेळ हाकायचा, गायकांना सूर द्यायचा, वाद्यांना सांभाळून न्यायचा. त्यामुळे ती जागा मानाची. अँटनी मेल्यानंतर नाटक अजून अर्धा तास चालायचे, आणि मेलेला अँटनी खाली उतरून उरलेला खेळ स्वतः हार्पसिकॉर्डवरून चालवायचा, असा मॅटेसनचा शिरस्ता. त्या दिवशी हँडेल उठलाच नाही.

प्रकरण हातघाईवर आले. खेळ संपल्यावर दोघे बाहेर हंसबाजारात आले आणि बघ्यांच्या गर्दीत त्यांनी तलवारी उपसल्या. मॅटेसनचे पाते हँडेलच्या कोटाच्या रुंद धातूच्या गुंडीवर आपटून मोडले आणि मारामारी तिथेच संपली. ही हकीकत मॅटेसननेच सांगितलेली आहे. त्या महिन्याच्या अखेरीस दिलजमाई झाली, ३० डिसेंबरला दोघे एकत्र जेवले आणि जेवण उरकून तालमीला गेले. तालीम होती 'आल्मिरा'ची. तिच्यातल्या नायकाची भूमिका मॅटेसनच करणार होता.

'आल्मिरा'ची संहिता आधी कायझरसाठी होती. राइनहार्ट कायझर हा तेव्हाचा हॅम्बुर्गच्या ऑपेराचा कर्ताधर्ता, चालींचा खरा धनी, आणि पैशाच्या बाबतीत तितकाच बेभरवशाचा. ती संहिता हँडेलकडे आली. कॅस्टिलची राणी, तिचा गुप्त प्रियकर, गैरसमजांच्या मालिका, शेवटी तीन लग्ने. पन्नासांहून अधिक गाणी, बहुतेक जर्मन आणि पंधराएक इटालियन. ऑपेरा लांबलचक आहे. ऐकताना अनेक ठिकाणी एक हुशार विद्यार्थी आपल्याला येते ते सगळे एकाच पेपरात लिहून मोकळा होतो आहे, असे वाटत राहते. पण लोकांना तो आवडला, वीसेक प्रयोग झाले. आणि तिसऱ्या अंकात, सगळ्या गर्दीत, तो एक साराबांद येतो. जिथे काहीही सिद्ध करायचे नव्हते, शब्दही नव्हते, तिथे हा मुलगा थांबायला शिकल्याचे ऐकू येते.

यशाच्या भरात लगेच २५ फेब्रुवारीला दुसरा ऑपेरा रंगमंचावर आला. 'नेरो'. त्याचे पूर्ण शीर्षक 'रक्त आणि खून यांतून मिळवलेले प्रेम' अशा अर्थाचे होते. तो थोड्याच प्रयोगांत आटोपला, आणि त्याचे संगीत आज उपलब्ध नाही. त्याच वर्षी कायझरने नेरोच्याच विषयावर स्वतःचा 'ऑक्टाव्हिया' हा ऑपेरा आणला आणि पुढच्या वर्षी 'आल्मिरा'लाही स्वतःचे संगीत दिले. नवख्याला जागा दाखवून देण्याचा हा प्रकार असावा, असे कोणाच्याही मनात येईल. हँडेलने उत्तर दिले नाही. 'ऑक्टाव्हिया'तल्या कल्पना मात्र त्याने नीट लक्षात ठेवल्या. चार वर्षांनी व्हेनिसमध्ये त्या त्याच्या कामाला आल्या.

हॅम्बुर्गमध्ये मेडिची घराण्यातल्या एका राजपुत्राने त्याला इटलीला चल म्हटले होते. मेनवेअरिंगच्या म्हणण्याप्रमाणे हँडेलने राजपुत्राच्या पदरी जाणे टाळले, शिकवण्या करून पैसे साठवले आणि १७०६ मध्ये स्वतःच्या खर्चाने तो गेला. जानेवारी १७०७ मध्ये तो रोममध्ये होता. १४ जानेवारीला सान जोव्हान्नी इन लातेरानो या महामंदिरातल्या ऑर्गनवर एका सॅक्सन तरुणाने सगळ्यांना थक्क केले, अशी नोंद एका रोमन रोजनिशीकाराने करून ठेवली आहे. ल्यूथरपंथी जर्मन मुलगा, पोपच्या शहरात, पोपच्याच चर्चमध्ये!

पण रोममध्ये ऑपेराच नव्हता. नाट्यगृहे नीतीला घातक, असे पोपच्या दरबाराचे मत. १६९७ मध्ये पोपने तोर्दिनोना हे शहरातले मोठे ऑपेरागृह पाडायला लावले होते. ऑपेराच्या शोधात इटलीला आलेल्या माणसाला ऑपेराबंदीचे शहर भेटावे, ही परिस्थिती निराश करणारी. हँडेलला ती फळली. कारण ऑपेरा नसला तरी ऑपेराची भूक होतीच, आणि ती सर्वांत जास्त होती खुद्द कार्डिनलांनाच. पाम्फिली, ओत्तोबोनी, आणि कार्डिनल नसलेला पण तितकाच श्रीमंत मार्क्विस रुस्पोली यांच्या वाड्यांत दर आठवड्याला मैफली होत. नेपथ्य नाही, वेष नाहीत, अभिनय नाही, त्यामुळे बंदी मोडल्याचा आरोप नाही. गाणे मात्र शंभर टक्के ऑपेराचे. छोट्या मैफलीसाठी असेल तर कांताता, मोठ्या धार्मिक विषयावर असेल तर ओरातोरिओ. हँडेलने रोममध्ये डझनावारी कांताता लिहिल्या. एकच गायिका, एकच हार्पसिकॉर्ड, थोडी तंतुवाद्ये, आणि दहा-पंधरा मिनिटांत राग, विरह, पश्चात्ताप, पुन्हा राग. हॅम्बुर्गमध्ये जे मिरवणुकांनी आणि नाचांनी भरून निघायचे, ते इथे एका गळ्यातून काढावे लागत होते. नाटक सुरांतच घडवायचे, हे शिक्षण त्याला ऑपेराबंदीने दिले, असे मला खात्रीने वाटते.

१७०७ च्या वसंतात कार्डिनल पाम्फिलींनी स्वतः संहिता लिहून त्याला दिली. विषय होता काळाचा आणि भ्रमनिरासाचा विजय. पात्रे चारच: सौंदर्य, सुख, काळ आणि भ्रमनिरास. सुख सौंदर्याला म्हणते माझ्याकडे राहा, काळ आणि भ्रमनिरास तिला आरशात तिचा खरा चेहरा दाखवतात. दुसऱ्या भागात सौंदर्य हातची निसटते आहे असे दिसल्यावर सुख शेवटची विनवणी करते: काटा राहू दे, गुलाब तेवढा घे. या विनवणीला हँडेलने हॅम्बुर्गचा साराबांद दिला. 'लाशा ला स्पीना' या नावाने ते गाणे ओळखले जाते.

त्या चालीला पहिल्यांदा शब्द मिळाले ते असे. आणि मिळाले ते मोहात पाडणाऱ्याच्या तोंडी. कार्डिनलांच्या बोधकथेत सर्वांत गोड सूर सुखाच्या वाट्याला द्यावा, यातच तरुण हँडेलची नाट्यबुद्धी दिसते. सुखाची बाजू दुबळी असती तर सौंदर्याच्या त्यागाला किंमत ती काय? तरीही ऐकताना मला राहून राहून वाटते की इथे चाल शब्दांच्या पुढे निघून गेली आहे. शब्द गुलाब तोडायला सांगत आहेत, आणि सुरांमधल्या त्या मोकळ्या जागा मात्र काहीतरी गमावल्यासारख्या वाटतात.

याच रचनेच्या तालमीची एक गोष्ट मेनवेअरिंग सांगतो. व्हायोलिनच्या रांगेपुढे होते आर्कान्जेलो कोरेल्ली, त्या काळचे युरोपातले सर्वांत आदरणीय व्हायोलिनवादक, पन्नाशी गाठलेले, मृदू स्वभावाचे. हँडेलची सुरुवातीची रचना त्यांच्या हातून मनासारखी निघेना. बावीस वर्षांच्या हँडेलने चिडून त्यांच्या हातातले व्हायोलिन हिसकावले आणि वाजवून दाखवले. कोरेल्ली शांतपणे म्हणाले की हे संगीत फ्रेंच पद्धतीचे आहे, आणि ती पद्धत मला येत नाही. हँडेलने ती सुरुवात बदलून इटालियन धर्तीची केली. या गोष्टीत चिडलेला हँडेल सगळ्यांना आठवतो. मला कोरेल्ली आठवतात.

पाम्फिलींचा हँडेलवर फार जीव. त्यांनी त्याला ऑर्फियसच्या वर नेऊन बसवणारी कविता रचली आणि त्यालाच तिला चाल लावायला लावली. कित्येक वर्षांनी लंडनमध्ये विषय निघाला तेव्हा हँडेल त्यांना म्हातारा मूर्ख म्हणाला. धर्म बदलण्यासाठीही रोममध्ये त्याला विचारणा झाली. ज्या पंथात जन्मलो त्यातच मरणार, असे त्याचे उत्तर होते, आणि तो विषय तिथे मिटला.

१७०८ च्या ईस्टरला रुस्पोलीच्या वाड्यात 'पुनरुत्थान' या ओरातोरिओचा थाट झाला. चाळीसहून अधिक वादक, कोरेल्ली पुढे, दिवाणखान्यात खास उभारलेला मंच. मॅग्डालीनची गाणी मार्गेरीता दुरास्तांती या गायिकेने म्हटली. स्त्रीने धार्मिक रचनेत गाणे पोपला रुचले नाही. रुस्पोलीला समज मिळाली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी कास्त्रातो उभा राहिला. आवाज फुटण्याआधी शस्त्रक्रिया करून ज्या मुलांचा उंच आवाज कायमचा राखला जाई, ते मोठेपणी कास्त्रातो म्हणून गात. युरोपातले सर्वांत जास्त पैसे घेणारे गायक त्यांच्यातूनच निघत. त्या आवाजांसाठी किती पोरांची आयुष्ये मोडली गेली, याचा हिशेब त्या झगमगाटात कुणी मांडला नाही. दुरास्तांतीला मात्र हँडेल विसरला नाही.

दरम्यान फ्लॉरेन्समध्ये 'रोद्रिगो' हा त्याचा पहिला पूर्ण इटालियन ऑपेरा झाला, नेपल्सला एका लग्नसमारंभासाठी मोठी कांताता झाली. आणि मग व्हेनिस. तिथे कार्निव्हालचा हंगाम म्हणजे ऑपेराचा हंगाम. एकाच शहरात अनेक नाट्यगृहे एकमेकांचा प्रेक्षक ओढत असत. सान जोव्हान्नी क्रिझोस्तोमो हे त्यांतले सर्वांत ऐटीचे, ग्रिमानी घराण्याच्या मालकीचे. त्याच घराण्यातला कार्डिनल व्हिंचेंत्सो ग्रिमानी मुत्सद्दी होता, नेपल्सचा व्हाइसरॉय होता आणि फार धारदार लेखणीचा होता. त्याची 'आग्रिप्पीना' ही संहिता हँडेलला मिळाली. डिसेंबर १७०९ च्या अखेरीस ती रंगमंचावर आली.

कथा पुन्हा नेरोचीच! पण इथे नेरो अजून सम्राट झालेला नाही. त्याला गादीवर बसवण्यासाठी त्याची आई आग्रिप्पीना सगळ्या रोमला खेळवते: नवऱ्याला, सरदारांना, प्रेमिकांना, एकमेकांविरुद्ध. हॅम्बुर्गमध्ये जो विषय रक्ताने आणि खुनांनी हाताळून फसला, तोच इथे हसत हसत, राजकारणाची कातडी सोलत पुढे जातो. आग्रिप्पीना झाली होती दुरास्तांती. रोमने जिला मंचावरून उतरवले, तिला व्हेनिसमध्ये हँडेलने सम्राज्ञी केले.

'आग्रिप्पीना'तली फार थोडी गाणी अगदी नवी होती. रोमच्या कांतातांतली, ओरातोरिओंतली, आणि कायझरच्या 'ऑक्टाव्हिया'वरून घेतलेली सामग्री तिच्यात ठायी ठायी आहे. पुढच्या पिढ्यांनी हँडेलवर उसनवारीचा आरोप केला. मला तो मान्य नाही. तेव्हा असली गाणी छापून जगभर जात नसत. रोमच्या दिवाणखान्यात पन्नास माणसांनी ऐकलेले गाणे व्हेनिसला नवेच होते. आणि हँडेल नुसते उचलून चिकटवत नाही. जुनी चाल नव्या पात्राच्या अंगावर घालून बघतो, कुठे तंग होते, कुठे सैल, ते तपासतो आणि पुन्हा बेततो. व्हेनिसमध्ये २७ प्रयोग झाल्याचे मेनवेअरिंग सांगतो, आणि प्रत्येक छोट्या विसाव्याला प्रेक्षागृह लाडक्या सॅक्सनच्या जयजयकाराने दणाणून जाई, असेही.

लगेच जून १७१० मध्ये हानोव्हरच्या दरबारात तो संगीतप्रमुख म्हणून नेमला गेला. पगार वर्षाला १००० थालर, हालेच्या त्या नोकरीच्या वीसपट. शिवाय वर्षभर बाहेर राहण्याची मुभा. त्याने ती मुभा ताबडतोब घेतली. वाटेत हालेला आईला भेटला आणि वर्ष संपत आले तेव्हा लंडनमध्ये होता.

लंडनमधले राणीचे नाट्यगृह होते हेमार्केटमध्ये. हेमार्केट म्हणजे गवतबाजार. तिथला त्या वर्षीचा व्यवस्थापक आरन हिल हँडेलच्याच वयाचा, फेब्रुवारी १६८५ चाच जन्मलेला. इटालियन ऑपेरा लंडनमध्ये नुकताच रुजू लागला होता, तोही तुकड्यातुकड्यांनी, इकडची तिकडची गाणी जोडून. लंडनसाठी मुद्दाम रचलेला, एकाच हाताचा इटालियन ऑपेरा हिलला करायचा होता. कथा त्याने तास्सो या इटालियन कवीच्या महाकाव्यातून घेतली, जादू, ड्रॅगन, अग्निवर्षाव यांची आखणी केली आणि इटालियन शब्द लिहायला बसवले जाकोमो रॉस्सीला. रॉस्सीने छापील पुस्तिकेच्या प्रस्तावनेत तक्रारीच्या सुरात कौतुक केले आहे: हा माणूस मला लिहायलाही पुरता वेळ देत नव्हता, सगळे संगीत दोन आठवड्यांत झाले. रॉस्सीला कदाचित ठाऊक नसेल, पण त्यातले बरेचसे संगीत इटलीहून बांधून आणलेले होते.

२४ फेब्रुवारी १७११ रोजी 'रिनाल्दो'चा पहिला प्रयोग झाला. आदल्या दिवशी हँडेलला सव्विसावे वर्ष पूर्ण झाले होते. नायक होता निकोलीनी, नेपल्सचा कास्त्रातो, ज्याच्या अभिनयाला इंग्रजांनीही दाद दिली. बागेच्या प्रवेशात खऱ्या चिमण्या सोडल्या गेल्या. लेखक जोसेफ ॲडिसनने 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात त्या चिमण्यांवरून ऑपेराची मनसोक्त टर उडवली. चारच वर्षांपूर्वी ॲडिसनने स्वतः लिहिलेला इंग्रजी ऑपेरा पडला होता, हेही वाचकाने लक्षात ठेवावे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी जादूगारीण आर्मीदाच्या गाण्यात हँडेल हार्पसिकॉर्डवर आयत्या वेळी सुचेल तसे वाजवायचा. ते ऐकायलाच काही लोक येत असावेत, इतका त्याचा बोलबाला झाला. पहिल्या हंगामात पंधरा प्रयोग झाले, आणि पुढच्या हंगामांतले प्रयोग धरले तर त्याच्या हयातीत त्याच्या दुसऱ्या कुठल्याही ऑपेराचे 'रिनाल्दो'इतके प्रयोग झाले नाहीत.

त्याच दुसऱ्या अंकात आल्मिरेना येते. नायकाची वाग्दत्त वधू, आर्मीदाने पळवून आणलेली. तिला पकडून ठेवणाऱ्यांपैकीच एक जण, आर्गांते, तिच्यावर भाळला आहे आणि तिची मनधरणी करतो आहे. ती त्याच्याशी भांडत नाही, शाप देत नाही. आपल्या नशिबावर मला रडू द्या, स्वातंत्र्यासाठी उसासे टाकू द्या, एवढेच ती मागते. आणि तंतुवाद्यांवर साराबांद सुरू होतो.

चाल जवळपास तीच आहे. हँडेलने तिच्यात काही घातले नाही, उलट तिला आणखी साधे केले. बदलली आहे ती त्या मोकळ्या जागांची कामगिरी. हॅम्बुर्गमध्ये तिथे नाचणाऱ्याचे पाऊल थबकायचे. रोममध्ये तिथे मोह पाडणारा उत्तराची वाट पाहायचा. इथे, प्रत्येक तुकड्यानंतर, रडणाऱ्या मुलीचा श्वास अडकतो. दुसऱ्या मात्रेवर रेलणारे ते वजनसुद्धा आता ओझे वाटू लागते. मधला छोटा भाग झाला की रिवाजाप्रमाणे पहिला भाग परत येतो. त्या काळी गायक या परतीच्या वेळी हरकती घेऊन आपले कसब दाखवत. चांगल्या गायिका इथे फार हरकती घेत नाहीत, आणि मला वाटते ते बरोबर आहे. त्या संध्याकाळी हे गाणे इझाबेला जिरार्दो हिने म्हटले. 'लाशा क्यो प्यांगा' हे त्याचे नाव.

हंगाम संपला, रजाही संपली, आणि हँडेल हानोव्हरला परतला. तिथले देखणे ऑपेरागृह १६९८ मध्ये आधीचा संस्थानिक वारल्यापासून बंदच होते. हजार थालरांचा संगीतप्रमुख राजघराण्यासाठी दिवाणखान्यातली छोटी युगुलगीते रचत होता. जुलैच्या अखेरीस त्याने लंडनमधल्या एका परिचिताला पत्र लिहिले, फ्रेंचमध्ये. जॉन ह्यूज या कवीच्या काही इंग्रजी कविता पाठवता आल्या तर पाहा, अशी त्यात विनंती होती. आणि तुमच्याकडून निघाल्यापासून इंग्रजी भाषेत आपली थोडी प्रगती झाली आहे, असेही त्याने कळवले होते.